जबाबदारी माझी, निर्णय कुणाचा?

गेल्या श्रावणातील ही गोष्ट आहे. ज्यांची ती आहे त्यांची परवानगी घेऊनच सांगतो आहे. ओळख पटू नये म्हणून वय, नाते आणि काही तपशील बदलले आहेत.

संध्याकाळची गर्दी ओसरत आली होती. तात्या रक्तदाब मोजून घेण्यासाठी आले होते. वय ७६, निवृत्त शिक्षक. पत्नीच्या निधनानंतर ते मुलीकडे राहतात. मी दंडाला पट्टा गुंडाळत असताना ते हळूच म्हणाले, "डॉक्टर, माझं राहू द्या. तिला एकदा नीट बघा. संध्याकाळी येते, हातपाय धुते, माझ्या गोळ्या काढून देते आणि मग भिंतीकडे बघत बसते. पूर्वी मी चहात साखर जास्त घातली की भांडायची. आता भांडत नाही. साखरेचा डबाच उचलून कपाटात ठेवला, एक शब्द न बोलता."

ते ऐकून मला जरा ओशाळल्यासारखे झाले. कारण गेल्या चार महिन्यांत ती माझ्याकडे दोनदा येऊन गेली होती. झोप लागत नाही, पित्त उसळते, पाठ धरते अशा तिच्या तक्रारी होत्या. मी पित्ताच्या गोळ्या दिल्या, जीवनसत्त्वे दिली आणि वर वडीलकीचा सल्ला दिला, "चार दिवस रजा घे, कुठे तरी जाऊन ये." तिने रजाही घेतली होती. कामावर रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी सारे पूर्ववत झाले. विश्रांतीने जो थकवा जात नाही त्याचे कारण विश्रांतीच्या अभावाखेरीज दुसरे काही असले पाहिजे, हे साधे अनुमान तेव्हा मी काढले नव्हते.

तिला मी शाळेत असल्यापासून ओळखतो. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन ती मुलांच्या संरक्षणाच्या क्षेत्रात काम करते. तिसऱ्या वेळी ती आली तेव्हा मी तिला मुद्दाम शेवटी बोलावले आणि लेखणी बाजूला ठेवली. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलल्यावर ती म्हणाली, "डॉक्टर, परवा एक मुलगा माझ्यासमोर रडत होता. आठ वर्षांचा असेल. आणि मी फॉर्ममधला कोणता रकाना भरायचा राहिलाय ते बघत होते. मला काहीच वाटलं नाही. रडू नाही, राग नाही, काही नाही. मला त्या मुलाची नाही, स्वतःची भीती वाटली."

आजचा लेख या 'काहीच न वाटण्या'विषयी आहे. आपल्या वाचकांपैकी कित्येकांची मुले, सुना, नाती समाजकार्यात, परिचर्येत, शिक्षणात, अंगणवाडीत आहेत. कित्येक जण स्वतः घरी कुणाची तरी शुश्रूषा करीत आहेत. त्यामुळे हा विषय दूरचा नाही.

हे काम नेमके काय असते?

रेल्वे स्थानकावर एकटे सापडलेले मूल, घरात मारहाण सोसणारे मूल, आईवडील गमावलेले मूल, लग्नाच्या बोहल्यावर चढवली जाणारी चौदा वर्षांची मुलगी. अशा मुलांपर्यंत कुणीतरी पोहोचावे लागते. संकटातील मुलांसाठी असलेला १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आपण ऐकला असेल. ही सेवा १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. व्यावसायिक समाजकार्याचे शिक्षण आपल्या देशात सुरू झाले तेही याच संस्थेत, १९३६ साली. महाराष्ट्राचे आणि या व्यवसायाचे नाते असे जुने आहे.

आज हे काम मुख्यतः २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या चौकटीत चालते. काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल सापडले की प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. त्यानंतर समाजकार्यकर्तीने मुलाच्या घरी जाऊन, शेजाऱ्यांशी, शाळेशी, नातेवाइकांशी बोलून गृहचौकशी अहवाल तयार करायचा असतो. त्याला कायद्याने १५ दिवसांची मुदत दिली आहे. मूल घरी परत पाठवायचे, नातलगांकडे द्यायचे की बालगृहात ठेवायचे, हा निर्णय समिती घेते.

यातील व्यवस्था सुज्ञपणे रचलेली आहे. मुलाला आईवडिलांपासून वेगळे करणे ही फार मोठी सत्ता आहे आणि ती एका व्यक्तीच्या हाती नसावी, हे योग्यच. परंतु त्यामुळे समाजकार्यकर्तीची जागा विलक्षण अवघड होते. मुलाचा हात तिने धरलेला असतो, त्याच्या घराचा उंबरठा तिने ओलांडलेला असतो, मूल विश्वासाने बोलते ते तिच्याशी. पण पुढे काय होणार, हे मात्र तिच्या हातात नसते. शिवाय मुलाची ओळख गुप्त राखणे तिला बंधनकारक असते. म्हणजे घरी येऊन मन मोकळे करण्याची वाटही अर्धी बंद.

थकवा आणि विझणे

अशा अवस्थेला इंग्रजीतून आलेला शब्द आता मराठीतही रुळला आहे: बर्नआउट. हा शब्द वैद्यकीय लिखाणात आणला तो हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, १९७४ साली. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात तो काम करी. सर्वांत उत्साहाने आलेले कार्यकर्तेच काही काळाने रिते, चिडखोर व उदासीन होत जातात, हे त्याला दिसले. तो स्वतःही त्यातून गेला होता. पुढे क्रिस्टिना मास्लाक या विदुषीने या अवस्थेच्या तीन खुणा सांगितल्या आणि १९८१ मध्ये त्या मोजण्याची प्रश्नावली तयार केली. पहिली खूण भावनिक दृष्ट्या पार थकून जाणे. दुसरी, ज्यांच्यासाठी आपण काम करतो त्यांच्याविषयी अलिप्त, कोरडे, कधी कधी तुच्छतेने भरलेले होणे. तिसरी, आपल्या हातून काही चांगले होत नाही अशी भावना. जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या तीन लक्षणांशी मिळतेजुळते वर्णन दिले आहे. मात्र संघटनेने तिथे स्पष्ट म्हटले आहे की हा आजार नव्हे. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी ही अवस्था आहे.

आपल्या आजीच्या भाषेत सांगायचे तर समईत तेल असते तोवर वात जळत नाही, तेल जळते. तेल संपले की वातच जळू लागते, आणि मग उजेड कमी व धूर अधिक होतो. त्या मुलासमोर 'काहीच वाटले नाही' हा तो धूर. ती निर्दय झाली नव्हती. मनाने स्वतःला वाचवण्यासाठी कवाड लावून घेतले होते.

प्रश्न असा, की तेल संपते कशाने?

कामाचा भार की कामावरचा अखत्यार?

मी तिला विचारले, "काम फार वाढलं आहे का?" तिचे उत्तर माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळे होते. "काम पहिल्यापासूनच फार आहे. पहिली सहा वर्षं मी रात्री बारालासुद्धा बसस्थानकावर गेले आहे. तेव्हा दमायचे, पण झोप लागायची." मग बदलले काय? हळूहळू उलगडत गेले. पूर्वी आठवड्याच्या गृहभेटी ती स्वतः आखत असे. एका दिशेची तीन गावे एका दिवसात करी. आता रोज सकाळी फोन येतो आणि त्या दिवशी कुठे जायचे ते कळते. एकच माहिती वहीत, संगणकावर आणि पुन्हा वेगळ्या तक्त्यात भरावी लागते. अहवाल लिहायला बसले की मधेच बोलावणे येते. मुदत चुकली तर विचारणा तिलाच होते. वाहन का मिळाले नाही हे मात्र कुणी विचारीत नाही. आणि अहवाल गेल्यावर त्या मुलाचे पुढे काय झाले, हे पुष्कळदा तिला कळतही नाही. नोकरी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. त्यामुळे यातले काही बोलून दाखवण्याचे धाडस होत नाही.

तिने जे सांगितले त्याला संशोधनात नाव आहे. रॉबर्ट कॅरासेक या अभ्यासकाने १९७९ साली एक साधा पण मूलगामी विचार मांडला. कामाचा ताण केवळ कामाच्या ओझ्यावर ठरत नाही. काम कसे, कोणत्या क्रमाने, कोणत्या पद्धतीने करायचे हे ठरवण्याचा आणि आपले कौशल्य वापरण्याचा वाव माणसाला किती आहे, यावरही तो ठरतो. ओझे मोठे आणि वावही मोठा असेल तर माणूस दमतो, पण शिकतो, वाढतो. ओझे मोठे आणि वाव लहान असेल तर ताण शरीरात साचतो. पुढील संशोधकांनी यात तिसरी गोष्ट जोडली, सहकाऱ्यांचे व वरिष्ठांचे पाठबळ. जिथे वाव नाही आणि पाठबळही नाही, तिथे परिस्थिती सर्वांत बिकट.

हे केवळ मनाचे खेळ नव्हेत. लंडनमधील सरकारी कचेऱ्यांत, व्हाइटहॉल या भागाच्या नावाने ओळखला जाणारा एक दीर्घ अभ्यास झाला. त्याचा दुसरा टप्पा १९८५ मध्ये सुरू झाला व त्यात १०,३०८ कर्मचारी होते. तोपर्यंत सर्वसामान्य समज असा होता की हृदयविकार हा मोठ्या साहेबांचा रोग. मोठी जबाबदारी, म्हणून मोठा ताण. प्रत्यक्षात चित्र उलटे निघाले. हृदयविकार खालच्या पायऱ्यांवरच्या कर्मचाऱ्यांत अधिक होता. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले की ज्यांना आपल्या कामावर अखत्यार कमी होता त्यांना पुढील काळात हृदयविकाराचा धोका जास्त होता, आणि वरच्या व खालच्या श्रेणींतील तफावतीचा बराच भाग या एका गोष्टीने उलगडत होता. याचा अर्थ तंबाखू, रक्तदाब, मधुमेह गौण आहेत असा मुळीच नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टींच्या यादीत ही एक न दिसणारी गोष्टही आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मुलांच्या संरक्षणाच्या कामात हेच कसे घडते, याचा एक बोलका दाखला इंग्लंडमधला आहे. तिथे काही बालकांचे यंत्रणेच्या डोळ्यांदेखत हाल होऊन मृत्यू झाले. प्रत्येक घटनेनंतर देश हळहळला, चौकशी झाली आणि नवे नियम, नवे तक्ते, नव्या मुदती आल्या. प्रत्येक नियमामागचा हेतू चांगला होता. २०१० मध्ये सरकारने आयलीन मन्रो या प्राध्यापिकेला या संपूर्ण व्यवस्थेचा आढावा घेण्यास सांगितले. त्या स्वतः पूर्वी समाजकार्यकर्त्या होत्या. मे २०११ मधील त्यांच्या अंतिम अहवालाचा गाभा असा होता : नियमांचे पालन झाले की नाही हे पाहण्यात व्यवस्था इतकी गुंतली आहे, की मुलाला प्रत्यक्ष मदत झाली का हे पाहायचे राहून जाते. कार्यकर्त्यांना कुटुंबांसोबत वेळ व स्वतःच्या व्यावसायिक विवेकाला वाव मिळाला पाहिजे, अशी शिफारस त्यांनी केली.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. कामावर अखत्यार असणे म्हणजे मनमानी नव्हे. मुलाचे भवितव्य एकट्या कार्यकर्तीने ठरवावे, असे कुणीच म्हणत नाही. आज कोणत्या गावी आधी जावे, कोणत्या आईशी दोनदा बोलावे, कोणत्या दुपारी शांतपणे अहवाल लिहावा, आपल्या अहवालावर काय निर्णय झाला हे कळावे, एवढाच हा वाव असतो. दिसायला लहान, पण माणूस उभा राहतो तो त्याच्यावर.

आणि यात खरे पणाला लागलेले असते ते मूल. कार्यकर्ती विझली की एक तर ती काम सोडते किंवा कोरडी होऊन टिकून राहते. सोडले तर त्या मुलाला आपली कहाणी पुन्हा एका अनोळखी माणसाला पहिल्यापासून सांगावी लागते. टिकून राहिली, पण पाहणे थांबले, तर दंडावरचा वळ नजरेतून सुटतो.

आम्ही काय केले

प्रथम मी डॉक्टर म्हणून जे करायला हवे होते ते केले. सततच्या थकव्याला मानसिक कारण चिकटवण्यापूर्वी रक्त तपासले पाहिजे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, ब-१२ जीवनसत्त्व, सारे पाहिले. हिमोग्लोबिन थोडे कमी होते. त्यावर उपचार सुरू केले. नैराश्य आहे का, तेही विचारून घेतले. फरक ओळखण्याची एक ढोबळ खूण अशी : बर्नआउटची काळोखी प्रामुख्याने कामाभोवती असते. आवडते गाणे, भाचरे, देवळातली काकडआरती यांत मन अजून रमते. नैराश्यात ती सगळीकडे पसरते. परंतु सीमारेषा पुसट असते आणि एकातून दुसरे उद्भवू शकते. म्हणून हा निवाडा घरच्या घरी करू नये.

मग मी तिला एका कागदावर तीन रकाने आखायला सांगितले. फॉर्मला कंटाळलेल्या बाईला पुन्हा रकाने! ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी. पहिला रकाना : जे माझ्या हातात आहे. दुसरा : जे मागून मिळू शकेल. तिसरा : जे आज तरी माझ्या हातात नाही.

तिसऱ्या रकान्यात रिक्त पदे, कंत्राट, वाहन आणि कायद्याच्या मुदती गेल्या. इतके दिवस या चार गोष्टींशी ती रात्रभर झुंजत होती. दुसऱ्या रकान्यात तिने तीन मागण्या लिहिल्या. आठवड्यातील दोन दुपारी अखंड अहवाल लेखनासाठी मिळाव्यात, रात्रीचे तातडीचे फोन सर्वांनी पाळीपाळीने घ्यावेत आणि बंद झालेल्या प्रकरणांचे पुढे काय झाले हे महिन्यातून एकदा सर्वांना कळावे. मी सुचवले की एकटीने न मागता सहकाऱ्यांसह मागावे, आणि त्यामुळे अहवाल वेळेत कसे जातील हे आधी सांगावे.

सगळे मिळाले नाही. दोनऐवजी एक दुपार मिळाली. रात्रीच्या फोनच्या पाळ्या लागल्या. तिसरी मागणी 'बघू' यावर राहिली. तेव्हा त्या चौघी सहकारिणींनी ती स्वतःच पहिल्या रकान्यात ओढून आणली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी डबा खाताना अर्धा तास त्या आपापसांत बोलतात. कोणते मूल घरी सुखरूप आहे, कुठे आपण चुकलो, कोणाचे बोलणे मनात अडकले आहे. गुप्तता राखूनही मन मोकळे करता येईल अशी ती एकच जागा, कारण ऐकणाऱ्याही त्याच बंधनातल्या.

व्यवस्थेचे प्रश्न डब्याच्या वेळेत सुटत नाहीत, हे मला कळते. माणसे कमी असतील तर ती भरलीच पाहिजेत. 'प्राणायाम करा' असे सांगून वरिष्ठांना या जबाबदारीतून सुटता येणार नाही. प्राणायामाने झोप सुधारेल, पण तीन जणींचे काम एकीने करणे त्याने न्याय्य ठरत नाही.

साखरेचा डबा

आता तात्यांच्या तक्रारीकडे वळू. दिवसभर ज्या माणसाचा कशावरच अखत्यार चालत नाही, तो घरी येऊन नकळत घरावर घट्ट पकड धरतो. तात्यांचे फिरणे किती, आंघोळ केव्हा, चहात साखर किती, टीव्ही कधी बंद, सारे ती ठरवू लागली होती. हेतू काळजीचाच. पण परिणाम असा की जो जाच तिला कचेरीत होत होता तोच आता तात्यांना घरात होत होता. वडीलही दिवसेंदिवस गप्प होत चालले होते.

वृद्धांच्या बाबतीत अखत्याराचे महत्त्व दाखवणारा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९७६ साली एलेन लँगर व जुडिथ रोडिन या दोघींनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धनिवासात तो केला. एका मजल्यावरील वृद्धांना सांगण्यात आले की तुमच्या खोलीची मांडणी, चित्रपट कोणत्या रात्री पाहायचा, हे तुम्ही ठरवा. त्यांना एक रोप निवडू दिले व त्याची निगा त्यांच्याकडेच सोपवली. दुसऱ्या मजल्यावर रोप देण्यात आले, पण पाणी परिचारिका घालणार आणि व्यवस्था कर्मचारी बघणार असे सांगितले. काही आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक उत्साही, अधिक मिळूनमिसळून वागणारी दिसली. प्रयोग लहान होता, त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण प्रत्येक घरात करून पाहता येईल असा त्याचा बोध आहे.

मी दोघांना एकत्र बसवले. तात्यांना म्हणालो, "तुमच्या गोळ्यांची आठवड्याची डबी तुम्हीच भरायची. ती फक्त रविवारी एकदा बघेल." तिला म्हणालो, "साखरेचा डबा त्यांना परत दे." ती म्हणाली, "आणि साखर वाढली तर?" मी म्हणालो, "तर मी त्यांच्याशी बोलेन. तू पहारेकरी नाहीस." तात्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे, म्हणून हे शक्य झाले. ज्यांना विस्मरण आहे त्यांच्या औषधांवर दुसऱ्याची देखरेख हवीच. पण कोणता सदरा घालायचा, सकाळी पोहे की उपमा, एवढे तरी त्यांनाही ठरवू द्यावे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या नोकरीच्या कामापुरती आहे. पण घरी आजारी माणसाची सेवा करणारी सून, मुलगी, पत्नी किंवा ब्यूरोतून आलेली बाई यांचा थकवाही याच रस्त्याने चालतो, असे मी रोज पाहतो. चित्र ओळखीचे असेल : रात्री उठून कूस बदलते सून, आणि कोणत्या डॉक्टरकडे न्यायचे, कुठला पलंग आणायचा, नळी काढायची की ठेवायची हे ठरवतात परगावी राहणारे दीर-नणंदा, फोनवरून. सुनेने काही सुचवले तर 'तू फक्त वेळेवर औषध दे.' अशा घरात ती सून मला पाठदुखीची रुग्ण म्हणून भेटते.

म्हणून काही सूचना:

जो सेवा करतो त्याला निर्णयात आवाज असावा. दूरच्या भावंडांनी सल्ला जरूर द्यावा, पण आधी विचारावे, "तुला काय वाटतं? तुला काय झेपेल?"

सेवा करणाऱ्याचे आठवड्यातील काही तास त्याचे स्वतःचे असावेत, आणि ते कोणते हे त्यानेच ठरवावे. आपल्या सोयीने दिलेली सुट्टी ही अर्धीच सुट्टी.

घरी येणारे माणूस अशा कामावरून येत असेल तर दारातच प्रश्नांचा भडिमार करू नये. अर्धा तास शांत बसू द्यावे. 'आज काय झालं?' याऐवजी 'आज दमलीस का?' एवढे पुरे. मुलांच्या हकिकती खोदून विचारू नयेत, त्या सांगण्याची तिला मुभा नाही.

'सोडून दे ती नोकरी' हे वाक्य आपण प्रेमाने बोलतो. पण ऐकणाऱ्याला ते आणखी एक निर्णय आपल्या वतीने दुसऱ्याने घेतल्यासारखे वाटते.

ज्येष्ठांनी आपल्याला जमणारे निर्णय व कामे स्वतःकडे ठेवावीत. त्यात आपलेही आरोग्य आहे आणि काळजी घेणाऱ्याचे ओझेही कमी होते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे? दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, दारूचा किंवा झोपेच्या गोळ्यांचा आधार लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर वाट पाहू नये. जगण्यात अर्थ नाही असे कुणी एकदा जरी बोलले तरी ते हसण्यावारी नेऊ नये. त्या माणसाजवळ बसावे आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.

गेल्या आठवड्यात तात्या एकटेच, चालत दवाखान्यात आले. रक्तदाब बरा होता. साखर मात्र किंचित वाढली होती. मी आकडा सांगितला आणि गप्प राहिलो. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "दुपारचा चहा बिनसाखरेचा करतो. सकाळचा नाही सोडणार." ठीक आहे, म्हटले.

मुलीचे विचारले. ती पुन्हा भांडू लागली आहे, असे ते समाधानाने म्हणाले. रात्री बहुधा झोपते. त्या आठ वर्षांच्या मुलाला ती रजेच्या दिवशी बालगृहात जाऊन भेटून आली. कुणी सांगितले नव्हते, गेली. दिवाळीनंतर तिचे कंत्राट संपते. पुढे करायचे की नाही, हे तिने अजून ठरवलेले नाही. तात्यांच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे; पण यावेळी ते तिला काही बोललेले नाहीत.